ओल्या वावराचा बूट

धुरपता गेली त्या दिवशी सकाळी आमचं बुटावरून बोलणं झालं. भांडणच म्हणा. मी दुकानाला निघालो होतो आणि ती ओसरीवर बसून डाव्या पायात बूट चढवत होती. मला दिसलं, तिनं खुंटीवरून कडक तळाचा बूट काढला होता. मी म्हणालो, "तो काहून घालून राहिली? रस्ता वाळून दगड झालाय." वर न बघता ती म्हणाली, "भुईमुगाला कालच पाणी दिलंय. वरून वाळल्यावानी दिसतंय, आत चिखल हाय." मी म्हणालो, वावरात पोचेस्तोवर अर्धा तास टाच ठणकल, त्याचं काय. तर म्हणाली, "टाच माझी हाय." मी चिडून सायकल काढली आणि निघून गेलो. चाळीस वर्षांच्या वरचा संसार, आणि त्यातलं तिचं शेवटचं वाक्य हे... टाच माझी हाय.

नरसीच्या रस्त्यावर फाट्याला माझं पंक्चरचं दुकान आहे. तासाभरानं मी ट्रॅक्टरचं मागचं चाक खोलून बसलो होतो, तेव्हा शेजारची शेवंता धापा टाकत आली आणि नुसती उभी राहिली. ही बाई कधी गप्प राहत नाही. मी म्हणालो, काय ते सांग. ती म्हणाली, "दाजी, घरी चला. बाई उठंना." घरी आलो तर धुरपता खांबाला टेकून बसलेली, जशी रोज बसायची तशी. डाव्या पायात बूट, नाडीला तिच्या त्या तीन गाठी. उजव्या पायाची चप्पल शेजारी, अजून घालायची राहिलेली. गावातला डॉक्टर म्हणाला, काळीज बंद पडलं, तकलीफ झाली नसंल. झाली असती तरी तिनं सांगितली नसती.

बाया तिला आंघोळ घालायला बसल्या तेव्हा बुटाची गाठ कुणाला सुटेना. मी सोडली. जाणत्या माणसांनी सांगितलं की पायातलं सोबत जात नाही. मी वाद घातला नाही. पण बूट खालीही ठेवला नाही. तो काखेत धरून मी तिच्या मागं चाललो आणि काखेत धरूनच परत आलो. लोक बघत होते. बघू द्या.

मी हे काहून लिहून राहिलो ते सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. पण पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या आठवणीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाला गावातल्या पोरांनी तिच्या फोटोचा मोठा फलक लावला होता. त्यावर खाली लिहिलं होतं, अपंगत्वावर मात करणारी कष्टाळू माउली. मी ते दोनदा वाचलं. मग दुकानातली टायर कापायची सुरी आणली आणि तेवढी ओळ फलकातून कापून काढली. वर फोटो राहिला, नाव राहिलं. माझा पोरगा मिलिंद नांदेडला नोकरीला असतो. तो पळत आला. म्हणाला, बाबा, लोकांनी प्रेमानं लावलंय, असं काय करता. मी म्हणालो, "मात कुणावर केली? तिचा पाय काय तिचा दुश्मन होता?" शेवटी आमच्या गावचे एक जुने गुरुजी उठले. मला बाजूला घेऊन म्हणाले, तुम्ही ओळ कापली ते ठीक, पण मग तिथं काय लिहायचं तेही तुम्हीच सांगायला पाहिजे. तेव्हा सांगतो. एका ओळीत बसत नाही म्हणून एवढं.

धुरपताचं माहेर पुसेगाव. लहानपणी ताप आला आणि डावा पाय घेऊन गेला. पोटरी मनगटाएवढी, आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा दोन बोटं आखूड. चालताना डाव्या हातानं मांडी दाबायची, म्हणजे गुडघा दगा देत नाही. मी तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या थोरल्या भावानं आधीच सांगितलं, पाय लपवून लग्न लावलं असं उद्या कुणी म्हणायचं नाही, पोरगी चालून दाखवंल. ती दारापासून अंगणातल्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली आणि परत आली. घाई केली नाही, मान खाली घातली नाही. माझ्या मायनं तोंड वाकडं केलेलं मला दिसलं. तेवढ्यात धुरपता भावाला म्हणाली, "आता पाव्हण्याला चालवा." लोक हसले. ती हसली नाही. मला उठावं लागलं. माझे दोन्ही पाय धडधाकट, पण दहा माणसं नुसती पायाकडं बघायला लागली तर ते लाकडाचे झाले. लिंबापर्यंत जाऊन येताना मला चालायचं कसं तेच आठवेना. परत आलो तर ती तिच्या वहिनीला म्हणत होती, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "पाय बरे हायेत. माणूस भित्रा हाय. पण घ्या करून." असं आमचं लग्न ठरलं. मी तिला पसंत केलं असं गावात सांगितलं जातं. ते खोटं आहे.

लग्न होऊन आली तेव्हा ती डाव्या पायाला चप्पल सुतळीनं बांधायची. मी म्हणालो, आपलं आयुष्य रबरात चाललंय, बायकोच्या पायाला आपण काही करू शकत नाही काय. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या चार घड्या घातल्या, त्यावर मोडक्या गाडीच्या सीटचा स्पंज चिकटवला, वरून जुन्या बुटाचं चामडं शिवून घेतलं. अंगठा दाबला की पार आत जायचा. उशीच म्हणा. मी मोठ्या तोऱ्यात तिला दिला. ती विहिरीपर्यंत जाऊन आली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तो बूट घालून दुकानावर आली. लग्नानंतर पहिल्यांदाच. घाम निथळत होता. समोर एका गिऱ्हाइकाची सायकल उभी होती. तिनं वाकून मागच्या चाकावर अंगठा दाबला आणि मला विचारलं, "याच्यात हवा कमी हाय. चालवणाऱ्याला कसं लागंल?" मी सांगितलं, जड लागंल, पायडल मारलेलं अर्धं चाकच खाऊन टाकतं, माणूस दमतो आणि सायकल जागची हलत नाही. "मंग माझ्या पायाला काहून असलं चाक बसवलं?" गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. ती म्हणाली, "तुमाला माझी कीव आली, म्हणून मऊ केलं. ती कीव प्रत्येक पावलाला उचलावी लागते मला."

तीन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं आणि मला वाटत होतं. चौथ्या दिवशी मी ट्रकचा टायर कापायला घेतला. टायर सगळीकडून सारखा नसतो. रस्त्याला लागतो तो भाग, त्याला मी टायरची छाती म्हणतो, तो जाड, आत दोऱ्याचे थर, वाकता वाकत नाही. बाजूचा भाग ती कूस. ती वाकते आणि सोडली की परत येते. मी रागात होतो म्हणून छातीचा तळ कापला, दोन बोटं उंच, थरावर थर. म्हणालो, घे, पाहिजे ना कडक. ती तो घालून ओल्या वावरात गेली आणि संध्याकाळी आली ती पहिल्यांदा मांडी न दाबता. चिखलात तिच्या पायाची बोटं खाली पडायची, चप्पल पुढून रुतायची, आणि पाय उपसण्यातच दिवस जायचा. आता तळ वाकत नव्हता, फळीसारखा अख्खा पडायचा आणि अख्खा निघायचा. मी खूश. पण उन्हाळा आला, काळी जमीन वाळली, भेगा पडल्या, ढेकळं विटेसारखी झाली, आणि तोच बूट तिला खायला उठला. टाच आपटली की धक्का सरळ गुडघ्यात आणि गुडघा मोडायचा. मग कुशीचा तळ कापला. तो मऊ फार झाला. त्यात एक थर छातीचा घातला. टाचेला मऊ, पुढं कडक. मग पुढचं टोक जरा वर उचललं. दोन वर्षं हे चाललं. ती चालून यायची, बसायची आणि सांगायची. असं नाही की दुखतं, बरं वाटतं. ती सांगायची, पाय पडताना कुठं थांबतो, उचलताना कुठं धरतो, कोणत्या जागी गुडघा विचारात पडतो. मी तेवढंच कापायचो. शेवटी तिनं कायदा सांगितला, तो माझ्या दुकानात लिहून लावण्याच्या लायकीचा आहे. "जमीन मऊ, तर तळ कडक. जमीन कडक, तर तळ मऊ. दोघं मऊ असले तर माणूस रुततो, दोघं कडक असले तर मोडतो." तेव्हापासून ओसरीत दोन खुंट्या. एक ओल्या वावराचा बूट, एक कोरड्याचा. तळ झिजले की नवे, पण बूट कायम दोन.

हा कायदा तिनं बुटापुरता ठेवला नाही. बाजाराला कळमनुरीला जाताना मी तिला सायकलच्या मागं बसवून न्यायचो, तर कच्चा रस्ता लागण्याआधी उतरून म्हणायची, हवा सोडा थोडी. मी म्हणायचो, मी पंक्चरवाला, मला शिकवते काय. पण सोडायचो, कारण नाही सोडली तर खडीवर चाक उड्या मारायचं आणि कंबर तिच्याआधी माझी धरायची. डांबरी लागली की पुन्हा पंप मारायचा. खुरपं घेतानाही तेच. लोहाराकडं पाच-सहा खुरपी उचलून प्रत्येकाचं पातं दगडावर टेकवून दाबायची. अजिबात न लवणारं नको म्हणायची, दिवसभरात मनगट सुजतं. फार लवणारं नको, गवताचं मूळ सोडून देतं. लोहार तिला बघून म्हणायचा, आली तपासणी.

एकदा हिंगोलीला अपंगांसाठी शिबिर होतं. तिथं तिला लोखंडी पट्ट्यांचा बूट फुकट मिळाला, मांडीपर्यंत येणारा. गुडघ्याला कडी. काम चांगलं होतं, मी त्यातला माणूस आहे म्हणून सांगतो. तो घालून ती उभी राहिली तर खांबासारखी सरळ, माझ्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली. खुरपायचं म्हणजे उकिडवं बसून सरकत जायचं, आणि कडी लावली की गुडघा वाकत नाही, कडी काढली तर पट्ट्या मांडीत घुसतात. दुपारीच परत आली. म्हणाली, "हे उभ्या माणसासाठी केलंय. त्यांनी इचारलंच न्हाई की ही बाई दिवसभर बसती." तो बूट आमच्या मागच्या दाराला अडसर म्हणून वीस वर्षं लागला. कुत्रं एकदाही आत आलं नाही.

ती बायांची टोळी घेऊन निंदणी-खुरपणीला जायची. एका बागायतदारानं तिला पहिल्या दिवशी म्हटलं, मावशी, तुम्ही बांधावर बसा, चहा करा, बाया काम करतील. ती म्हणाली, चहा तुमी करा. आणि सगळ्यात लांब पात, म्हणजे वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची ओळ, ती स्वतःच्या अंगावर घेतली. संध्याकाळी तिची पात आधी निघाली. याला कुणी जिद्द म्हणतील. तिला म्हणून बघायचं होतं! ती म्हणायची, मी खुरपते कारण मला खुरपता येतं. बास.

आता मिलिंदबद्दल. पोरगा चांगला आहे. दोन दिवाळीआधी त्यानं आईसाठी नांदेडहून पांढरे बूट आणले, एका बुटाला आतून उंची वाढवून घेतलेली. किती शोधून आणले असतील. म्हणाला, आई, ढगावर चालल्यासारखं वाटतं बघ. ती त्याच्यासमोर ओसरीत चार पावलं चालली आणि म्हणाली, लई बरे हायेत बाबा. तो गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच बुटात ती अंगणात पडली, कोपर सोललं. बूट धुऊन डब्यात ठेवले. मग तो यायचा असला की डब्यातून काढायची, घालून बसायची, उठायची नाही. मी म्हणालो, त्याला सांगून टाक ना. मला तर दुकानावर येऊन गिऱ्हाइकापुढं झापलं होतंस. तर म्हणाली, "तुमाला शिकवायचं होतं. त्याला गाडी पकडायची होती."

कार्यक्रम झाल्यावर मिलिंद तिच्या वस्तू आवरत होता. लुगडी बायांना वाटली. खुंटीवरचे बूट काढले आणि म्हणाला, बाबा, हे एखाद्या गरजूला देऊन टाकू. मी म्हणालो, खाली ठेव. त्यानं ठेवले नाहीत. दोन्ही अंगठ्यांनी कडक बुटाचा तळ वाकवून बघितला. वाकला नाही. मग तो जे बोलला ते त्याच्या मनात बऱ्याच दिवसांचं असणार. "लोक म्हणतात, तुमच्या बापानं तुमच्या मायला जन्मभर टायर घालायला लावलं. मी त्यांच्याशी भांडायचो. पण बाबा... हे एवढं कडक? आईच्या त्या पायात?"

मी पोराला मारलं असतं. हात उठलाही होता. पण खाली घेतला. कारण तो तळ माझ्या पायानं कधी अनुभवलाच नव्हता. मी तिच्या शब्दावर चाळीस वर्षं रबर कापलं होतं. मिलिंदला सांगितलं, उद्या सकाळी थांब, नांदेड कुठं पळून जात नाही.

सकाळी दुकानात त्याच जाडीचे दोन तळ टायरच्या छातीतून कापले आणि माझ्या चपलांच्या खाली ठोकले. मिलिंदला म्हणालो, तू तुझ्या पायातले मऊ बूट घाल. दोघं भुईमुगाच्या वावराकडं निघालो, ती त्या दिवशी निघाली होती त्याच वावराकडं. शेतमालकानं आदल्या दिवशी पाणी दिलंय हे मी विचारून घेतलं होतं. वावरात उतरलो. मिलिंदचा पाय चौथ्या पावलाला पुढून रुतला, बूट वाकला, चिखलानं धरला आणि पाय बाहेर आला तो बुटाशिवाय. धुरपताच्या टोळीतल्या बाया तिथं खुरपत होत्या, त्या हसायला लागल्या. एक म्हणाली, साहेब, बुटाला तिथंच राहू द्या, उगवल एखांदा. मी चालत राहिलो. पाय अख्खा पडत होता, अख्खा निघत होता. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि मी वावराच्या त्या टोकाला जाऊन मागं वळलो तर पोरगा हातात बूट घेऊन अजून तिथंच, माझ्या पायांकडं बघत. तिथून मी त्याला पांढऱ्या बुटांचं आणि कोपराचं सांगितलं, ओरडून, सगळ्या बायांसमोर. तो बांधावर बसला.

पण परत येताना रस्त्यानं मला कळलं ते मी त्याला सांगितलं नाही. इथं लिहितो. वाळलेल्या रस्त्यावर तो तळ टाचेला हातोड्यासारखा लागतो. पन्नास पावलांत माझी टाच धरली. अर्ध्या रस्त्यात मला मैलाच्या दगडावर बसावं लागलं. आणि बसल्यावर समजलं की ओल्या वावराच्या प्रत्येक दिवशी ती हा अर्धा तास जाताना आणि अर्धा तास येताना सोसत होती, कारण डोक्यावर पाण्याची घागर, हातात खुरपं, दुसरा बूट न्यायला हात नव्हता. मी रोज त्याच रस्त्यानं सायकलवर दुकानाला जात होतो. मागचं कॅरिअर रिकामं. एवढे तळ कापले, पण दुसरा बूट वावरापर्यंत पोचवावा हे मला एकदाही सुचलं नाही. तिनंही म्हटलं नाही. टाच माझी हाय, म्हणाली. मला ते उर्मट वाटलं होतं.

मिलिंद गेला. जाताना बूट त्यानंच खुंटीला लावले, ओल्याचा डावीकडं, कोरड्याचा उजवीकडं, बराबर जिथले तिथं. परवा फोनवर म्हणाला, एक बाई आहे ओळखीची, तिचाही पाय तसाच आहे, तिला हवाय. मी सांगितलं, धुरपताचा बूट द्यायचा नाही. तो एका पायाच्या सांगण्यावरून कापलेला आहे, दुसऱ्याला पाडंल. त्या बाईला म्हणावं, तिचा पाय घेऊन फाट्यावर ये, आणि तोंड घेऊन ये. कुठं धरतं, कुठं सोडतं ते सांगायला लागंल. मी कापून देतो, आणि मऊ कापणार नाही.

रबर पडून राहिलं की ताठतं, मग एका दिवशी वाकवायला गेलं तर चिरतं. म्हणून रोज सकाळी दुकानाला निघण्याआधी मी ओसरीवर, ती बसायची त्या खांबाला टेकून बसतो, आणि दोन्ही बूट गुडघ्यावर घेऊन अंगठ्यांनी वाकवतो. शेवंता विचारते, दाजी, आता कुणासाठी. मी वाकवत राहतो. कोरड्याचा पटकन वाकतो. ओल्याचा वाकत नाही, तो वाकायचाच नाही. तरी मी जोर लावतो, अंगठे पांढरे पडेपर्यंत, आणि तो तसाच राहतो... बरं वाटतं.